तिसऱ्या परिच्छेदातली भगर

धुळ्याच्या देवपुरात प्रेमराज बोरसे कुठे राहतात म्हणून विचारलं तर लोक एकमेकांची तोंडं पाहतात. पण 'बातमीवाले नाना' म्हटलं की पानटपरीवाला हातातलं पान तसंच ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येतो.

नाना मूळचे एरंडोलचे. सव्वीस वर्षं जळगावच्या एका दैनिकात जिल्हा पानावर उपसंपादक होते. सहा जणांचं काम दोघांत भागतं हे एक दिवस मालकांच्या लक्षात आलं आणि चौघांना नारळ मिळाला. त्या चौघांत नाना सगळ्यांत जुने असल्यामुळे त्यांच्या नारळाबरोबर शालही होती. नानांची शाल पुढे कित्येक वर्षं त्यांच्या स्कूटरची सीट झाकायच्या कामी आली.

मग धुळ्यातल्या एका शिक्षणसंस्थेनं त्यांना प्रसिद्धी अधिकारी म्हणून घेतलं. काम सोपं होतं. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब कुठे गेले, कोणाला भेटले, कोणत्या झाडाला त्यांनी पाणी घातलं, हे पेपरवाल्यांना कळवायचं. नानांनी ते इमानेइतबारे केलं. पण संस्थेच्या आवारात हिंडताना त्यांना दिसलं, की प्रयोगशाळांमध्ये माणसं वर्षानुवर्षं काहीतरी शोधत बसलेली असतात आणि त्यांच्याबद्दल बाहेर कोणाला काही पत्ता नसतो. हे काही नानांच्या नेमणुकीच्या पत्रात नव्हतं. तरी दुपारी दोन ते चार, स्टाफरूमच्या मागच्या खोलीत, नानांची शाळा सुरू झाली. विद्यार्थी सगळे पीएच.डी.

कापसाच्या अळीवर अकरा वर्षं घासलेले एक प्राध्यापक होते. पत्रकारानं त्यांना विचारलं, "सर, अळी मरते कशी?" सरांनी उत्तराला सुरुवात केली ती भारतात कापूस आला तिथपासून. पत्रकार चहाला गेला, चहा पिऊन आला, सर अजून ब्रिटिश अमदानीत होते.

त्या सरांना नानांनी समोर बसवलं. "सर, असं समजा, की तुमची बेटावदची मावशी स्टँडवर भेटली. तिची गाडी लागली आहे, ती पायरीवर चढली आहे, कंडक्टरनं घंटी मारली आहे. तेवढ्यात सांगा, काय शोधलं."

"पण नाना, मावशीला विषय समजायला आधी थोडी पार्श्वभूमी…"

"गाडी गेली, सर."

असं करत करत त्या खोलीतून आठ-दहा प्राध्यापक माणसासारखं बोलायला शिकून बाहेर पडले. नाना त्यांना दुसरीही एक गोष्ट शिकवत. बातमी नेहमी खालून कापतात. रात्री पानावर जागा कमी पडली, की उपसंपादक बातमी वाचत बसत नाही, शेपटाकडून उडवत वर जातो. "मीच उडवल्यात हजारो," नाना सांगत. "म्हणून जीव ज्या वाक्यात आहे ते वाक्य पहिलं. पाहुणे शेपटाला."

डॉ. दिपमाला भामरे या शाळेतली सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. साक्रीकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची पोर, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. चारचौघांत नाना तिला मॅडम म्हणत, खोलीत पोरी म्हणत. सात वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे होती. दर नवरात्रात, दर महाशिवरात्रीला कुठे ना कुठे उपासाची भगर खाऊन माणसं आजारी पडतात. भगर येते कुठून, तर सातपुड्याच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या बर्टीतून. बर्टीची साल काढली की भगर. त्यामुळे लोक आजारी पडले की व्यापारी डोंगराकडे बोट दाखवतात. तुमच्या मालातच खोट आहे म्हणतात आणि भाव पाडतात.

दिपमाला शिरपूरच्या वरच्या पाड्यांवर पायी हिंडली. घरोघरची बर्टी मूठमूठ पिशवीत भरून आणली. गुंताबाई पावरा नावाच्या बाईच्या घरी ती चार दिवस मुक्कामाला होती. गुंताबाई आणि तिचा नवरा डोंगरसिंग, दोघं मिळून दोन एकर उतार कसायची. मागच्या वर्षीची बर्टी घरात राखायची आणि नवरात्राच्या तोंडावर बाजारात न्यायची, हा त्या पाड्याचा रिवाज. वर्षाचं मीठमिरची, पोराबाळांचे कपडे त्याच एका बाजारावर. दिपमालानं निघताना तिला शब्द दिला होता, "तुमच्या बर्टीत खोट नसली तर तसं मी पेपरात छापून आणीन."

आणि खोट नव्हतीच. डोंगरातल्या एकाही घरच्या दाण्यात बुरशी सापडली नाही. बुरशी होती शहरातल्या दुकानांमधल्या तयार पिठात. दळून, प्लास्टिकच्या पिशवीत भरून, ओल्या हवेत आठ-आठ दिवस ठेवलेल्या पिठात.

नवरात्र पाच दिवसांवर असताना, एका शनिवारी दुपारी, नाना आणि दिपमाला बातमी लिहायला बसले. तीन तास बसले. सात वर्षांचं काम गाळता गाळता शेवटी एवढं उरलं: 'डोंगरातल्या शेतकऱ्यांची भगर खायला निर्धोक आहे, मात्र दळलेलं पीठ साठवू नका, दाणा आणा, धुऊन लगेच शिजवा.'

दिपमालानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि हसली. "नाना, मावशी गाडीत बसली."

"आणि गाडी वेळेवर सुटली," नाना म्हणाले.

बातमी बाहेर जाण्याआधी संस्थेचे सचिव योगेंद्र सर यांच्या नजरेखालून जायची. योगेंद्र सर भला माणूस. फक्त कागद वाचताना त्यांना मजकूर दिसत नसे, नावं दिसत.

"बोरसे नाना, यात आप्पासाहेब कुठे आहेत?"

"आहेत की सर, शेवटी. 'संस्थेच्या अध्यक्षांनी अभिनंदन केले.'"

"शेवटी?" योगेंद्र सरांनी चष्मा काढला. "उद्या साहेबांचा वाढदिवस आहे. आणि साहेब शेवटी?"

"सर, बातमी खालून कापतात. ते पहिलं वाक्य खाली गेलं तर अर्थ उलटा होईल."

"कापायचं असेल तर ते कापतील. साहेबांना कापलं तर मला कापतील." आणि सरांनी स्वतःच्या हातानं क्रम लावून दिला. पहिल्या परिच्छेदात आप्पासाहेब, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि व्यवस्थापन मंडळ धरून अकरा नावं, सगळ्यांचं मार्गदर्शन. दुसऱ्यात डॉ. दिपमाला भामरे यांनी उपवासाच्या भगरीतील विषारी बुरशीचा शोध लावला, हे. तिसऱ्यात मावशी.

इथे नानांनी उठून जायला हवं होतं. कागद फाडायला हवा होता, निदान सोमवारपर्यंत अडवायला हवा होता. वाढदिवस होऊन गेला असता, अकरा नावांची घाई संपली असती. नानांना हे सगळं त्याच क्षणी सुचलं. पण निवृत्तीला दीड वर्ष होतं, समोर सरांनी चहा मागवला होता, आणि मनाला समजावायला एक चांगली सोय होती: त्यांच्याच जुन्या दैनिकाच्या धुळे पानावर हितेंद्र बसतो. हितेंद्रला जळगावात नानांनीच हाताला धरून उपसंपादकी शिकवलेली. त्याला एक फोन केला की झालं.

नानांनी फोन केला. "हितेंद्र, भगरीची बातमी येतेय. तिसरा परिच्छेद वर घे. निदान कापू नको. एवढं कर."

"नाना, तुम्ही सांगितलं ना? विषय संपला."

नाना निर्धास्त घरी गेले.

संध्याकाळी सातला आप्पासाहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात आली. अर्धं पान. फेटा बांधलेले आप्पासाहेब आणि खाली शुभेच्छुकांचे दोन डझन गोल फोटो. जिल्हा पान एकदम अर्ध्यावर आलं. हितेंद्रकडे अकरा बातम्या आणि चार बातम्यांची जागा. भगरीच्या बातमीतली अकरा नावं कापणं शक्य नव्हतं, कारण त्यातली नऊ शेजारच्या जाहिरातीतही होती. मग राहिलं काय? हितेंद्रनं तेच केलं जे त्याला शिकवलं होतं. खालून वर गेला.

रविवारी सकाळी नाना चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले आणि पेपर उघडला. मथळा होता: 'उपवासाच्या भगरीत विष! आप्पासाहेबांच्या मार्गदर्शनाखाली शोध.'

बातमी 'शोध लावला' या शब्दांवर संपत होती. त्याखाली लगेच आप्पासाहेबांचा फेटा.

स्वयंपाकघरातून डबे आपटल्याचा आवाज आला. नानांच्या बायको पुष्पाबाई नऊ दिवस उपास धरायच्या आणि दोन किलो भगर आधीच निवडून ठेवलेली असायची. नाना आत गेले तर रिकामा डबा पालथा घातलेला.

"भगर कथी गयी?"

"फेकी दिधी. पेपरमा काय उनं शे, वाचं नही का तुम्ही?"

"अगं, ती बातमी मीच लिहिली आहे!"

"तुम्ही लिखेल शे म्हनीसन तं फेकी दिधी," पुष्पाबाई म्हणाल्या. "दुसरानी लिखी ऱ्हाती तं मी खादी असती."

सव्वीस अधिक आठ वर्षांत नानांच्या लिखाणावर इतका विश्वास कोणी दाखवला नव्हता. नाना परत ओट्यावर येऊन बसले. चहावर साय धरली होती.

त्यांनी हितेंद्रला फोन लावला. "अरे, काय केलंस हे?"

"नाना, जाहिरात आली ऐन वेळी. तुमच्याच साहेबांची." त्याच्या आवाजात खरोखरच अपराधीपणा होता. "तुमचं लक्षात होतं. पण दहा मिनिटांत पान सोडायचं होतं. हात आपोआप खाली गेला बघा."

"मग उद्या खुलासा छाप."

"खुलासा म्हणजे बातमी चुकली असं होतं. तुम्हीच सांगा, छापलेल्यात एक तरी शब्द खोटा आहे का?"

नानांनी पुन्हा वाचली. एकही शब्द खोटा नव्हता. बुरशी होती, विषारी होती, शोध दिपमालानंच लावला होता. मार्गदर्शन तेवढं खोटं होतं, पण ते सगळ्याच बातम्यांत असतं.

"संस्थेच्या लेटरहेडवर आणून द्या, मी दोन ओळी लावतो," हितेंद्र म्हणाला.

लेटरहेड योगेंद्र सरांच्या कपाटात होतं आणि योगेंद्र सर ढगात होते. दुपारपर्यंत ती बातमी मोबाइलवरून फिरत नाशिक, पुणे, नागपूर करून आली होती. एका मोठ्या चॅनेलनं खाली पट्टी चालवली होती. "नाना, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या संस्थेचं नाव राज्यभर गेलं! आणि तुम्ही खुलासा मागताय? साहेबांच्या मार्गदर्शनाचा खुलासा?"

सोमवारी प्रयोगशाळेच्या दारात मायक्रोफोन घेऊन चौघं जण उभे राहिले. दिपमाला बाहेर आली. नानांनी शिकवल्याप्रमाणे ताठ उभी राहिली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोंगरातल्या शेतकऱ्यांची भगर खायला निर्धोक आहे…"

"मॅडम, ते राहू द्या. आतापर्यंत किती लोक गेले?"

"गेले? नाही, कोणी गेलं नाही. मी सांगतेय की दाणा…"

"म्हणजे आकडा दडवला जातोय?"

दिपमालानं बाजूला उभ्या असलेल्या नानांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर नानांना बरं वाटलं असतं. परीक्षेत शिकवलेलं काहीच न आल्यावर पोर मास्तरकडे पाहतं, तशी ती पाहत होती. मग ती आत गेली आणि तिनं दाराला आतून कडी घातली.

संध्याकाळी नानांनी स्वतःच एक कागद लिहिला. तेच वाक्य, मोठ्या अक्षरात, खाली दिपमालाची सही. पाचशे झेरॉक्स काढल्या. बुधवारी डोंगराच्या पायथ्याचा बाजार होता, नवरात्राआधीचा शेवटचा. सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. गाडीभर दोघं एकमेकांशी चार शब्द बोलले असतील, त्यातले दोन तिकिटाबद्दल.

बाजारात बर्टीच्या पोत्यांची रांग लागली होती. रांगेसमोर मगन शेठ काटा मांडून बसले होते आणि काट्याच्या दांडीला, लिंबू-मिरची बांधावी तसं, रविवारच्या पेपरचं कात्रण बांधलेलं. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला शेठ स्वतः वाचून दाखवत होते. भाव लावला होता ढोरांच्या दाण्याचा.

नाना पुढे झाले. "मगन शेठ, ही बातमी मी लिहिली आहे. ती अपुरी छापली गेली. ह्या मॅडम. सात वर्षं यांनी तपासलं आहे. या मालात काही नाही. हा कागद वाचा."

मगन शेठनी कागद घेतला, पूर्ण वाचला, नीट घडी घातली. "बसा नाना. चहा घ्या. मॅडम, तुम्ही पण." मग हळूच म्हणाले, "मला काय तुम्ही सांगायचं? माझ्या घरी पन्नास वर्षं हीच भगर शिजते. उद्या माझा पण उपास आहे."

"मग भाव द्या ना नीट!"

"कसा देऊ? तुमचा कागद झेरॉक्सचा, हा पेपरचा. गिऱ्हाईक पेपर वाचतं."

"आणि हा माल घेऊन तुम्ही करणार काय? ढोरांना घालणार?"

मगन शेठ हसले. वाईट माणसासारखे हसले नाहीत, धंद्यातल्या माणसासारखे हसले. "नाना, लोकांचं लक्ष किती दिवस टिकतं, ते पेपरवाल्याला मी सांगू? शिवरात्रीला हीच भगर जळगावात पाकिटातून विकली जाईल. तोवर दम धरायची ताकद माझ्यात आहे. यांच्यात नाही."

रांगेत तिसरं पोतं गुंताबाईचं होतं. डोंगरसिंग पोत्याला टेकून खाली पाहत उभा होता. गुंताबाई मात्र सरळ दिपमालाजवळ आली. तिनं पदर खोचला. आवाज चढवला नाही.

"बाई, तू आमना घर चार दिन राहिनी. रोज भगर खादी. तवय तुले काई जयं का?"

"नाही मावशी. काही नाही झालं."

"मंग तू इख शे, जहर शे, असं कसाले सांगं?"

"मी नाही सांगितलं, मावशी. मी सांगितलं होतं, की तुमची चांगली आहे. ते छापलंच नाही. जागा नव्हती."

"जागा नव्हती," गुंताबाईनं ते शब्द तसेच उचलून पाहिले, जणू बाजारातली अनोळखी वस्तू. मग डोंगरसिंगकडे वळून म्हणाली, "टाक काट्यावर."

नाना मध्ये पडले. "गुंताबाई, चूक यांची नाही. माझी आहे. मला माहीत होतं ते वाक्य कापलं जाईल. तरी मी ते खाली जाऊ दिलं."

गुंताबाईनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. "तुम्हीन कोन भाऊ?"

याचं उत्तर बेटावदच्या मावशीला सांगावं तसं एका वाक्यात द्यायला हवं होतं. नानांना देता आलं नाही. तोवर पोतं काट्यावर चढलं होतं.

चारशे ऐंशी झेरॉक्स घेऊन दोघं परत आले. वीस वाटल्या गेल्या होत्या, त्यातल्या काहींत बाजार संपेपर्यंत भजी बांधली गेली.

दसरा झाला. संस्थेच्या फाटकावर फ्लेक्स लागला: राज्यभर प्रसिद्धी मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आप्पासाहेबांचा फोटो कमरेपर्यंत, दिपमालाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. सत्काराच्या दिवशी ती रजेवर होती. त्या कार्यक्रमाची बातमी नानांनीच लिहिली आणि ती एका शब्दाचीही काटछाट न होता छापून आली.

दुपारची शाळाही चालू होती म्हणायची. नाना दोन वाजता जाऊन बसत. कापसाचे सर एकदा दारातून डोकावले आणि म्हणाले, "नाना, माझं सध्या सांगण्यासारखं काही नाही." अजून एकदोघांचंही सांगण्यासारखं काही नव्हतं. चार वाजले की नाना खिडक्या लावून निघत.

दिपमालाचं काम मात्र अजून संपलेलं नव्हतं. नव्या पिकाचे नमुने घेतल्याशिवाय तिचा अभ्यास पुरा होणार नव्हता, आणि पुरा झाल्याशिवाय डोंगरातल्या बर्टीला कागदोपत्री कोणी चांगलं म्हणणार नव्हतं. दिवाळीनंतर ती पाड्यावर निघाली तेव्हा नाना न बोलावता बरोबर गेले. तिनं नको म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही.

गुंताबाईच्या अंगणात बर्टीची मळणी चालू होती. डोंगरसिंग काठीनं झोडपत होता. सारवलेल्या जमिनीवर दाण्याची रास पडली होती, कमरेइतकी. भुसा उडत होता. दोघं दिसताच हातातलं काम थांबलं. खाट टाकली गेली, पाणी आलं, पाठोपाठ चहाही आला. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही.

दिपमालानं चहा संपवला. नमुन्याची छोटी पिशवी काढली. "मावशी, एक मूठ बर्टी लागेल. दरवर्षीसारखी."

गुंताबाई राशीला पाठ लावून बसली होती. तिच्या लुगड्याला, केसांना, हातांना दाणे चिकटले होते.

"यंदा पिकनीच नही बाई," ती म्हणाली.

डोंगरसिंगनं मान हलवली. "नही पिकनी."

शेजारच्या घरी विचारलं. तिथेही पिकली नव्हती. त्याच्या पलीकडच्या घरी सुपात बर्टी घेऊन पाखडणाऱ्या बाईनं सूप खाली ठेवलं, उठून नमस्कार केला आणि पिकली नाही म्हणून सांगितलं. अकरा घरं झाली. प्रत्येक घरी पाणी दिलं गेलं.

उतरताना दिपमालानं वही काढली, गावाच्या नावासमोरच्या रकान्यात 'नमुना उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि तारीख टाकली. नानांनी हातातली रिकाम्या पिशव्यांची थैली तिच्याकडे द्यायला पुढे केली. तिनं ती घेतली नाही. ती तोवर वळणापर्यंत पोचली होती.